बाहेरचा माल

तांडेलांच्या तोंडून ‘मेल्या’ हा शब्द ऐकला नाही असा माणूस आमच्या गल्लीत सापडणं कठीण होतं. मालवणी माणसाचा तो लाडाचा शब्द आहे, असं मला बऱ्याच जणांनी समजावलं. असेलही. तिकडे आया आपल्या लेकरांना म्हणत असतील. तांडेल मात्र तो गिऱ्हाइकाला म्हणायचे आणि त्यात लाडाचा लवलेशही नसायचा. उधारी मागायला आलेल्या माणसाशी लोक बोलतात त्याहून वाईट स्वरात ते विकत घ्यायला आलेल्या माणसाशी बोलायचे.

थेरगावात डांगे चौकातून आत वळलं की बेकरीच्या पुढे माझं चष्म्याचं दुकान. त्याला लागून तांडेलांचं. पाण्याखाली उतरण्याचं सामान विकायचं आणि उतरायला शिकवायचं दुकान ते. पाठीवर बांधायच्या हवेच्या टाक्या, अंगाला घट्ट बसणारे रबरी सूट, पायात घालायचे फिन्स, काचेचे मास्क. समुद्र इथून घाट उतरून चार-पाच तासांच्या वाटेवर. नवा माणूस पाटी वाचून हमखास थबकायचा आणि विचारायचा, ‘‘इथे हे घेतं कोण, काका?’’

‘‘तुका घेवचा नाय, मगे इचारतंस कित्याक?’’ तांडेल म्हणायचे. एरवी ते आपल्यासारखंच बोलायचे. पण राग आला की मालवणी सुटायची, आणि राग दिवसातून बऱ्याचदा यायचा.

घेणारे होते. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं अंदमानला नाहीतर मालवणला फिरायला जायची, तिथे एकदा पाण्यात डोकं घालायची आणि वेडी होऊन परत यायची. त्यांना तांडेल महापालिकेच्या तलावात शिकवायचे आणि मग समुद्रावर न्यायचे. दुसरं काम चाकण-महाळुंग्याच्या कारखान्यांचं. आग विझवायला तिथे जमिनीखाली पाण्याच्या प्रचंड टाक्या असतात. त्या रिकाम्या न करता तळ तपासायचा, तर माणूसच उतरवावा लागतो. आणि तिसरं काम कुणी बुडालं की पडायचं. पवनेत नाहीतर इंद्रायणीत. अग्निशमनवाल्यांचा फोन आला की तांडेल दुकान उघडं टाकून जायचे. त्या कामाचं ते काही घेत नसत आणि त्याबद्दल बोलतही नसत.

दुकानाचा नियम एकच होता. बाहेरच्या मालाला हात लावायचा नाही. बाहेरून घेतलेल्या टाकीत हवा भरायची नाही, बाहेरचा रेग्युलेटर उघडायचा नाही, बाहेरच्या मास्कची काच पुसायला फडकंसुद्धा द्यायचं नाही. रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणून देणारं यंत्र. ते वेळच्या वेळी उघडून साफ करावं लागतं, रबरं बदलावी लागतात. हे काम करणारा आख्ख्या पट्ट्यात हा एकच माणूस, त्यामुळे नियम लोकांना चांगलाच बोचायचा.

मला त्यांचं म्हणणं पटायचं, खोटं कशाला बोलू. माझ्याकडेही लोक येतात, डोळे तपासून घेतात, वीस फ्रेमा नाकावर चढवून आरशात फोटो काढतात, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून जातात आणि आठवड्याने फोनवरून मागवलेला चष्मा घेऊन स्क्रू घट्ट करायला परत येतात. मी स्क्रू पिळून देतो आणि मनातल्या मनात त्यांची मान पिळतो. तांडेल मनातल्या मनात काही करत नसत, एवढाच आमच्यात फरक.

एका मे महिन्यात वाकडचा एक गृहस्थ आला. गोरागोमटा, बोलायला गोड. त्याने चार सूट घालून पाहिले. पाचवा बरोबर बसला, तशी आरशाकडे पाठ करून त्याने कॉलरच्या लेबलाचा हळूच फोटो काढला. तांडेलांनी पाहिलं. या सुटाची चेन पाठीवर असते आणि एकदा अंग घामेजलं की दुसऱ्याने धरून ओढल्याशिवाय ती उघडत नाही. तांडेलांनी पंखा बंद केला, डबा उघडला आणि बांगड्याचं जेवण सावकाश सुरू केलं. तो गृहस्थ आधी हसला, मग घामाघूम झाला, मग विनवण्या करू लागला. ‘‘काका, चेन ओढता का जरा? जीव घाबरा होतोय.’’

तांडेलांनी काटा बाजूला काढून ठेवला. ‘‘फोनात बघ मेल्या, चेन ओढणारो खय स्वस्त मिळता काय.’’

शेवटी तो माणूस त्या काळ्या सुटात, भर दुपारी, बेकरीसमोरच्या गर्दीदेखत माझ्या दुकानात आला आणि मी चेन ओढली. त्या दिवशी तांडेल माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘चष्मेवाले, तुमच्यामुळेच हे लोक सोकावतात.’’

आणि मग ती भिंत.

एका इंजिनिअरला त्यांनी अगदी पोहण्यापासून शिकवलं होतं. तो बँकॉकला गेला आणि तिकडून सगळं सामान घेऊन आला, वर तांडेलांनाच दाखवायला आला. तांडेलांनी कौतुक केलं. त्या सामानासकट त्याचा फोटो काढला. चार दिवसांनी तो फोटो चौकटीत बसून भिंतीवर लागला आणि त्याला चंदनाचा हार होता. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तोच, पिवळट सालींचा.

मी विचारलं, ‘‘हे काय?’’

‘‘गिऱ्हाईक म्हणून वारला तो. देवाज्ञा झाली.’’

जिवंत माणसाच्या फोटोला हार बघून अंगावर काटा यायला हवा होता. पण आख्खी गल्ली हसली. तो इंजिनिअरसुद्धा हसला, आपल्याच हार घातलेल्या फोटोशेजारी उभा राहून त्याने फोटो काढून घेतला आणि मित्रांना पाठवला. मग भिंत भरत गेली. कुणी ऑनलाइन मागवलं, कुणी मुंबईहून आणलं. अमावास्येला तांडेल त्या सगळ्यांना एक उदबत्ती ओवाळायचे. काही पोरं तर आपला फोटो लागावा म्हणून बाहेरून माल घेत असावीत, अशी मला शंका होती.

हे फोटो काढायचं काम असायचं प्रज्ञाकडे. आता तिच्याबद्दल सांगायला हवं.

प्रज्ञा भालेराव आकुर्डीची. तिचे वडील परभणीकडून आलेले, दुचाकीच्या कारखान्यात पेंट शॉपला आयुष्य काढलेले. तिचा थोरला भाऊ प्रशांत मित्रांबरोबर पवनेवर पोहायला गेला आणि बंधाऱ्याखाली गडप झाला. दुसऱ्या दिवशी तांडेलांना बोलावलं. गढूळ पाण्यात डोळ्याला काही दिसत नव्हतं, हाताने चाचपत त्यांनी त्याला शोधला. वरून लोकांनी दोर टाकला, बांधा म्हणाले, ओढून घेतो. तांडेलांनी दोर परत भिरकावला. ‘‘ओढूक तो काय ओंडको न्हय,’’ म्हणाले आणि पोराला दोन्ही हातांवर घेऊन काठापर्यंत चालत आले. हे मला भालेरावांनीच सांगितलं. सांगताना ते हात तसेच पुढे धरायचे.

काही महिन्यांनी ती पोरगी दुकानात येऊन उभी राहिली. कॉलेजची पिशवी खांद्याला होती. म्हणाली, ‘‘मला पाण्याखाली उतरायला शिकायचंय.’’

‘‘कशाला?’’

‘‘दादा होता तिथे काय दिसतं ते बघायचंय.’’

तांडेल तिला मेल्या म्हणाले नाहीत. हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं. मग विचारलं, ‘‘चेडवा, आधी पोहूक येता काय?’’ चेडू म्हणजे त्यांच्याकडे मुलगी. तिला पोहता येत नव्हतं.

शिकवण्यात त्यांनी तिला सूट दिली नाही. तलावाच्या तळाशी ते तिच्या मागून जायचे आणि न सांगता टाकीचा नळ बंद करायचे. हवा तुटायची. घाबरून वर पळायचं नाही, शांतपणे मागे हात नेऊन नळ शोधायचा, हा धडा होता. पहिल्यांदा ती खोकत, रडत वर आली. काठावर बसलेल्या पोरांनी तांडेलांना शिव्या घातल्या. ती म्हणाली, ‘‘सर, परत.’’ नोकरी न शोधता ती तांडेलांकडेच राहिली. पोरांना शिकवू लागली, कारखान्यांच्या टाक्यांत उतरू लागली, दुकानाची चावी तिच्याकडे आली.

तांडेलांना मूलबाळ नव्हतं. बायको या कोरड्या गावात रमली नाही, ती मालवणला दिरांच्यात राहिली. हे दुकान आपल्यामागे कोण चालवणार, हा एकच घोर त्या माणसाला होता आणि प्रज्ञा आल्यापासून तोही उरला नव्हता. संध्याकाळी चहा घेताना मला म्हणायचे, ‘‘चष्मेवाले, माझ्यामागे हे दुकान तिचं. लिहून ठेवणार आहे तसं.’’ बेकरीवाल्याला सांगितलं, महाळुंग्याच्या कंपनीतल्या साहेबाला सांगितलं. तिला तेवढं सांगितलं नाही. तिला सांगायचं तर गोड बोलावं लागलं असतं आणि ते त्यांना येत नव्हतं.

ती आल्यावर माणूस मवाळ होईल असं मला वाटलं होतं, पण झालं उलटंच. मागे कुणीतरी आहे म्हटल्यावर त्यांना गिऱ्हाइकाची पर्वाच राहिली नाही. हिंजवडीतल्या एकाच कंपनीची एक टोळी त्यांच्याकडे शिकत होती. समुद्रावर जायच्या आधी त्या सगळ्यांनी मिळून कुठूनसं एकदम सामान मागवलं, स्वस्तात. तीन-चार जणांनी मात्र तांडेलांकडून घेतलं. आता हे काय करतात म्हणून आम्ही बघत होतो, तर तांडेल शांत. सगळ्यांना बसमध्ये घातलं, रात्रभर प्रवास करून मालवणला नेलं. किनाऱ्यावर बोट लागली, तेव्हा म्हणाले, ‘‘माझ्या बोटीत माझोच माल चढतलो. बाकीच्यांनी वाळूत बसा.’’

आणि दोन दिवस त्यांना खरोखर वाळूत बसवलं. एका पोराचा वाढदिवस होता. एक मुलगी आईवडिलांशी भांडून आली होती, ती रडली. प्रज्ञा म्हणाली, ‘‘सर, उथळ पाण्यात तरी मी नेते ना त्यांना.’’

‘‘नेलंस तर तूसुद्धा त्यांच्यातच बस.’’

ती नेऊ शकली नाही. परत आल्यावर त्या टोळीने इंटरनेटवर असं काही लिहिलं की वाचून माझेच कान तापले. थेरगावचा कसाई, पाण्यातला गुंड, वगैरे. नवी पोरं येणं जवळजवळ थांबलं. आली तरी सूट घालून बघायची, माप समजलं की निघून जायची. त्यांच्याकडेही दया नव्हती. एकदा दोघं जण दुकानाच्या पायरीवर बसूनच फोनवरून ऑर्डर देत होते आणि मोठ्याने विचारत होते, ‘‘काका, मघाचा लार्ज होता ना?’’ तांडेलांनी आतून बादलीभर पाणी आणून त्यांच्या अंगावर ओतलं.

आता मुद्द्याचं. तांडेलांच्या दुकानातले सूट सगळे पुरुषी मापाचे. प्रज्ञाला खांद्यात ढगळ व्हायचे, छातीपाशी आवळायचे, आणि ढगळ सुटात पाणी शिरलं की माणूस गारठतो. ती म्हणायची, ‘‘सर, लेडीज सूट मागवा ना एक.’’ ते म्हणायचे, मागवतो. दिवाळीला मागवतो, मार्चनंतर मागवतो. कधी मूड असला तर म्हणायचे, ‘‘पाण्याखाली बाई-पुरुष काही नसतं.’’ ती आत दोन बनियनं घालून उतरायची. हिवाळ्यात महाळुंग्याच्या एका टाकीतून ती वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते, कंपनीच्या माणसाने तिला चहा पाजला आणि ब्लँकेट दिलं. तांडेल त्याला म्हणाले, ‘‘काही होत नाही तिला. माझी आहे ती.’’

त्यानंतर तिने स्वतःच्या पगारातून एक बायकी सूट मागवला. बाहेरून. तांडेलांकडे तो मिळणारच नव्हता.

लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. खोकं घेऊन थेट दुकानात आली. मी तिथेच चहाला बसलो होतो. आत जाऊन ती सूट घालून आली आणि तांडेलांसमोर एकदा गोल फिरली. ‘‘बघा ना सर, खांद्यात कसा बसलाय. आता दोन तास उतरले तरी थंडी नाही वाजायची.’’

तांडेल तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘छान आहे. उभी राहा, फोटो काढतो.’’

भिंतीवरचे बहुतेक फोटो तिनेच काढले होते. नियम तिला पाठ होता. तरी ती हसली, कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली, कारण तिला खात्री होती की हा नियम बाहेरच्यांसाठी आहे. मलाही तसंच वाटलं. म्हातारा खूश झाला, असंच मी समजलो.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तिने शटर उघडलं आणि भिंतीवर आपल्याला पाहिलं. हार घातलेली. इतर फोटोंत माणसं सामान दाखवत होती. ही तांडेलांकडे बघून हसत होती, तेच सगळ्यात वाईट होतं. तिने फोटोला हात लावला नाही. चावी काउंटरवर ठेवली आणि चालती झाली. मी माझ्या दारात उभा होतो, तर माझ्याकडेही न बघता गेली.

तांडेल आल्यावर मी सरळच म्हणालो, ‘‘हे चुकलं तुमचं.’’

‘‘येतली परत. जातली खय?’’ ते म्हणाले. ‘‘एकदा चुकले म्हणाली की उतरवतो फोटो. ह्या दुकानाचा नियम तिनेच मोडला तर उद्या दुकान कसं चालवणार ती?’’ त्यांच्या डोक्यात हा वारसदाराला शिकवायचा धडा होता. नळ बंद करायचा आणि तिने शांतपणे हात मागे नेऊन तो शोधायचा. पण हे तलावाचं पाणी नव्हतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

ती आली नाही. तिचे वडील आले.

भालेरावांना काहीच माहीत नव्हतं. पोरगी जेवत नाही, कामावर जात नाही, विचारलं तर बोलत नाही, म्हणून ते चौकशीला आले होते. मला जय भीम घातला, म्हणाले, ‘‘सायबांना इचारून बघतो, काय बोलाचाली झाली का.’’ मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण ते आत शिरलेसुद्धा. मी मागोमाग गेलो.

त्यांनी भिंत पाहिली. आधी वरून खाली नुसती नजर फिरवली. मग तिच्या फोटोपाशी थांबले.

‘‘हे काय हाय?’’

तांडेल उठून उभे राहिले. गंमत आहे हो, एवढं म्हणाले असते तरी पुष्कळ होतं. माफी मागितली असती तर सगळंच सावरलं असतं. पण तो माणूस आयुष्यात कुणापुढे मागे सरकला नव्हता. ‘‘नियम आहे, भालेराव. ज्याने बाहेरून माल घेतला तो माझ्यासाठी मेला. सगळ्यांना एकच नियम. तिलाही तोच.’’

हे त्या बापाला. मला वाटलं, आता भालेराव हात उचलतील. मी असतो तर उचलला असता. ते फिन्स घालून बघायच्या स्टुलावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘‘आमच्या घरी बी असा एक फोटो हाय, तांडेलसायेब,’’ ते म्हणाले. ‘‘तुमीच वर आनलं व्हतं त्याला. त्याची माय रोज पुसती तो. दुसरा लावाया भिंतीला जागा न्हाई आमच्या.’’

तांडेलांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

भालेराव उठले. विचारलं, ‘‘काढू का मी?’’ उत्तराची वाट पाहिली. ते आलं नाही, तेव्हा त्यांनी फोटो खिळ्यावरून उतरवला, हार काढला, नीट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी तांडेलांपुढे धरला. ‘‘तुमचं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या.’’ तांडेलांना तो घ्यावा लागला. मग पोरीचा फोटो काखेत धरून भालेराव बसस्टॉपकडे चालत गेले.

त्याच संध्याकाळी तांडेलांनी सगळी भिंत उतरवली. पण उशीर झाला होता. मला त्यांनी आकुर्डीला पाठवलं. प्रज्ञाने मला चहा दिला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. म्हणाली, ‘‘काका, राग गेला माझा. पण त्या दिवशी मी बाहेर गेले होते आणि आईने बाबांच्या काखेतला तो चौकटीतला फोटो पाहिला. तिला वाटलं, मीच गेले. मी आले तेव्हा ती दारातच खाली बसलेली. ते मला विसरता येत नाही.’’ मी कप खाली ठेवून उठलो.

मग एकदा तांडेल स्वतः गेले. दार आईने उघडलं. समोर भिंतीवर प्रशांतचा फोटो होता, हारासकट. तांडेल चप्पल न काढता तसेच माघारी फिरले. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि परत तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी प्रज्ञाने आकुर्डीला स्टेशनच्या बाजूला दुकान टाकलं. कुठल्याही दुकानातून घेतलेल्या मालाची दुरुस्ती करते म्हटल्यावर तांडेलांच्या भिंतीवरची सगळी मंडळी तिकडे धावली. वाळूत बसवलेली टोळीसुद्धा. तांडेलांकडे गिऱ्हाईक राहिलं नाही. दुकान सोडावं लागलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. ते मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहतात. मालवणला का जात नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘‘तिकडे समुद्र आसा. पाणी बघत बसूचा काय नुसता?’’ मला ते कळलं नाही. बहुधा त्यांनाही इथे थांबायचं खरं कारण सांगायचं नव्हतं.

मध्यंतरी महाळुंग्याच्या एका जुन्या ओळखीच्या कंपनीने त्यांना टाकी तपासायला बोलावलं. बऱ्याच दिवसांनी काम आलं होतं. रेग्युलेटर काढून बघतात तर आतली रबरं चिरफळलेली. नवी त्यांच्याकडे नव्हती आणि मिळणार होती एकाच ठिकाणी. माझ्या दुकानात येऊन ते उगाच काचा पुसत उभे राहिले. मग म्हणाले, ‘‘चष्मेवाले, आकुर्डीला जायचंय. चला जरा.’’

दुकान लहान, पण स्वच्छ आणि उजेडाचं होतं. एक जोडपं सूट बघत होतं. प्रज्ञाने मान वर केली. ‘‘या काका,’’ म्हणाली. मला ती काकाच म्हणते, म्हणून मी हसलो. पण ती तांडेलांकडे बघत होती. इतकी वर्षं ती त्यांना सर म्हणायची.

त्यांनी पिशवीतून रेग्युलेटर काढून काउंटरवर ठेवला. तिने तो उलटसुलट केला. ‘‘रबरं गेलीत. बसा, करून देते.’’ स्वरात राग नव्हता, आपलेपणाही नव्हता. कुणाशीही बोलावं तशी ती बोलत होती. आत बसून तिने तो उघडला आणि तांडेल स्टुलावर बसून तिच्या हातांकडे बघत राहिले. ते हात त्यांनीच घडवले होते. तेवढ्यात त्या जोडप्यातल्या मुलाने लेबलाचा फोटो काढला. तांडेलांनी पाहिलं, मीही पाहिलं. आता हे तोंड उघडणार, म्हणून मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. प्रज्ञा आतूनच म्हणाली, ‘‘ऑनलाइन स्वस्त मिळाला तर तिकडून घ्या. सर्व्हिसिंगला इकडे आणा म्हणजे झालं.’’ तो मुलगा ओशाळून हसला. वेळ मारून न्यायला तांडेलांकडे बघत त्याने विचारलं, ‘‘हे पण डायव्हर आहेत का, मॅम?’’

‘‘जुने कस्टमर आहेत,’’ प्रज्ञा म्हणाली.

खोटं नव्हतंच ते. पण मला तिथून उठून जावंसं वाटलं. तांडेल खाली मान घालून बसून होते. रेग्युलेटर तयार झाला, तिने फडक्याने पुसून पिशवीत घालून दिला. तांडेल दारापर्यंत गेले आणि वळले.

‘‘बाबा कसे आहेत?’’

‘‘बरे आहेत.’’

‘‘येतात दुकानात?’’

‘‘रोज येतात. आता येतीलच एवढ्यात.’’ तिने फडक्याची घडी घातली. ‘‘त्याआधी निघालात तर बरं होईल.’’

‘‘निघतो,’’ तांडेल म्हणाले.

बसस्टॉपवर गर्दी होती. तांडेल कडेच्या बाकावर बसले, पिशवीतून रेग्युलेटर काढला आणि तोंडात धरला. टाकी जोडलेली नसताना असा श्वास ओढून बघतात. थोडीशी जरी हवा आत आली तरी कुठेतरी गळती आहे, म्हणजे काम कच्चं. अजिबात आली नाही तर काम पक्कं. इतकी वर्षं शेजारी राहून एवढं मला ठाऊक होतं. कारखान्यातून सुटलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. ते श्वास ओढत राहिले. गाल आत गेले, गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, तरी ओढत राहिले. मला भीती वाटायला लागली, मी त्यांचा हात धरला. तेव्हा कुठे त्यांनी ते तोंडातून काढलं.

‘‘चेडवान काम चोख केल्यान,’’ ते धापा टाकत म्हणाले.